शनिवारचं आंबट पाणी

कमरुद्दीन,

तुझ्याविषयी लिहायला बसलं की आधी चीडच येते. तुझी, तुझ्या साहेबाची, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही. पण वाचणाऱ्यांना तू कोण हे ठाऊक नाही, तेव्हा जरा बाजूला बस. गोष्ट सरळ सांगते.

शहाऐंशी साल. रोह्याच्या कमरुद्दीनचे दोघे भाऊ दुबईला गेले, हा मात्र धाटावच्या एका कंपनीत सांडपाण्याची टाकी सांभाळत राहिला. टाकीत खालून हवा सोडायची, जंतूंनी कारखान्याची घाण खायची, पाणी नदीत सोडण्याजोगं व्हायचं. त्या टाकीवर माणसाचा जीव होता. शिफ्ट संपली तरी पाय निघायचा नाही.

त्याचा वैरी शनिवार. त्या दिवशी कंपनीत रसायनांची मोठाली भांडी धुवायची रीत होती आणि व्हिनेगरच्या आम्लाचं सगळं धुवण एका दमात टाकीत यायचं. रविवारी जंतू खलास. सोमवारी कमरुद्दीन पिंप घेऊन जवळच्या निडी गावात, ताज्या शेणासाठी. शेणातल्या जंतूंवर टाकी पुन्हा उभी करायची.

"काय रं कमरू, कंपनीनं अजून म्हस पाळली नाय?" हौसाकाकी गोठ्यातून ओरडायची.

"पाळली असती गो काकी, पण तिलाबी शनिवारचं पाणी पाजतील!"

तिथे हसायचा आणि कंपनीत येऊन भांडायचा. मॅनेजर दिनानाथ माणूस वाईट नव्हता. ऐकून मात्र घ्यायचा नाही.

"साहेब, जंतू आम्ल खातात, व्हय. पण चुना घालून आंबटपणा मारला तरच. मग ते जंतूच्या अंगावरच्या पापुद्र्यातून घुसत नाय. पापुद्र्याला बारीक दारं असतात, तिथून जंतू हवं तेवढंच आत घेतो. तुम्ही आंबट पाणी तसंच सोडता, तेव्हा आम्ल दार बघतच नाय. पापुद्र्यातून सरळ आत शिरतं, तिथं फुटतं, सगळं अंग आंबवतं. तो आंबटपणा बाहेर ढकलता ढकलता बिचाऱ्याची ताकद संपते."

"ताकद संपते ना? मग गूळ घाला."

शेजारची टाकी रिकामी पडली होती. धुवण तिच्यात साठवायचं, चुना घालायचा, दोन दिवसांत थोडं थोडं सोडायचं, एवढंच त्याचं मागणं. त्याऐवजी आल्या गुळाच्या दोन ढेपा. वर त्या रविवारी वीज वाचवायला हवेचं यंत्र बंद. हवेवाचून गूळ आंबला, त्याचंही आम्लच झालं. सोमवारी टाकी काळीठिक्कर, घाण वास पार रस्त्यापर्यंत. आणि मेमो कुणाला? कमरुद्दीनला. गुरुवारी लेखी खुलासा द्या, नाहीतर टाकीवरून हटवू.

मंगळवारी तो एसटीने पेणला आला, शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंकडे. हातात पानभर खुलासा, दुसरी प्रत नाही.

"बाई, एवढं टाइप करून घ्याल? रोह्यात केलं तर साहेबाच्या कानावर जाईल. उद्याच्या गाडीत कान्हू कंडक्टरकडे द्या, मी स्टँडवर उभा हाय."

"ठेव. आधी नीट करून देते," बाई म्हणाल्या.

बुधवारी दिवसभर त्या पेन्सिल घेऊन बसल्या. 'पापुद्रा' शास्त्रीय नाही. दारं कसली, ते सविस्तर हवं. आम्लाचं सूत्र कुठाय? पान बरोबर होतं, कुणालाही कळलं असतं, पण बाईंचा हात थांबेना. कान्हूची गाडी गेली. रोह्याच्या स्टँडवर कमरुद्दीन शेवटच्या एसटीपर्यंत थांबला.

गुरुवारी त्याने तोंडी सगळं सांगितलं. दिनानाथने एवढंच विचारलं, "लेखी कुठाय?"

पुढे निवृत्त होईपर्यंत तो गेटवर ट्रकचे नंबर लिहीत बसला. एकदाही जाब विचारायला आला नाही. विचारायला हवा होतास.

पान माझ्याकडे आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. टायपिंगवाला घरापासून दहा मिनिटांवर होता.