पदर धरला अन् लेकरू सोडलं

आमच्या गावात माह्या नावानं एक गोष्ट सांगतात, का घोडी उधळली तरी ह्या बाईनं खोगीर सोडलं नाही अन् लेकरूही सोडलं नाही, बालाजीची तिच्यावर मोठी किरपा हाय. किरपा खरी हाय. बाकीचं खरं नाही. मी लेकराले सोडलं होतं. मी दुसऱ्या बुकापर्यंतच शिकली, म्हनून जसं तोंडात येते तसंच लिहून राह्यली, चुकलं तं सांभाळून घ्या.

लेकरू आठ महिन्याचं होतं, नवसाचं होतं, मेहकरच्या बालाजीले बोलून झालेलं. भादव्यात त्याले ताप आला तो उतरेचना. काढा देला, अंगारा लावला, चौथ्या दिवशी त्यानं दूध घेनं सोडलं अन् रडनंबी सोडलं, ते रडत नव्हतं त्याचंच मले जास्त भेव. मी देवघरापुढं बसली अन् हात न जोडताच म्हनलं, न्यायचं होतं तं देलं काऊन? मंग वाटलं तिथं कोनी नाहीच, मी पितळेच्या मूर्तीशी बोलून राह्यली. असं माह्या मनात आलं होतं.

हे म्हनले, मेहकरले सरकारी दवाखाना हाय, तिथं नेऊ. पन भादव्यात आमच्या काळ्या मातीत गाडी आखापर्यंत रुतते, म्हनून घरची घोडी काढली, चंद्री. मी लहानपनी बापाच्या तट्टावर बसली होती, तेवढंच माहं घोड्यावरचं शिक्षन. निघतानी आत्याबाई म्हनजे माही सासू दारात आली. म्हने, "आधी बालाजीच्या पायावर घाल, मंग दवाखाना. अन् पदर नीट घे बाई, त्या वाटेवर आपलीच मानसं असतात."

हे घोडीच्या मोरकीचा दोर धरून पुढं चालून राह्यले होते, मी वर, एक हात लगामाले अन् एक हात लेकराले. अर्ध्या वाटेवरच्या विहिरीशी घोडीले पानी पाजाले थांबलो, मी खाली उतरली, तं तिथं एक म्हातारी मनियारीन बसली होती, चुड्याइचं गाठोडं घेऊन. तिनं मले खालून वरपर्यंत पाह्यलं.

"बेटी, घोडी बिचकली तं कायनं धरशीन? दाताइनं?"

हे हासले. मले राग आला. तिनं इचारलं ना पुसलं, गाठोड्यावरची चादर सोडली, लेकराले माह्या पोटाशी टेकवलं, दोन येढे घेतले अन् माह्या कमरेशी गाठ मारली. देवाले जायचं म्हनून मी धुतलेलं लुगडं नेसली होती, अन् ही मुसलमानाची बाई, तिचे हात माह्या लुगड्याले. लेकराचे ओठ सुकलेले पाहून तिनं आपल्या लोट्यातलं पानी पुढं केलं. मी म्हनलं, नको. लेकरू तहानलेलं होतं अन् मी नको म्हनलं. तिनं काही वाईट वाटून घेतलं नाही, लोटा खाली ठेवला अन् म्हने, "जा, खुदा सांभाळन."

वळन गेल्यावर मी ह्याइले म्हनलं, हे सोडा आधी. त्याइनं बोटाइनं पाह्यलं, दातानं पाह्यलं. बारीक पानी पडून राह्यलं होतं, चादर भिजली होती, गाठ काही सुटेना. हे म्हनले, "राहू दे, मेहकरात कापू." मी तोंड फुगवून बसली. देवाच्या वाटेवर हे काय गळ्यात पडलं, असं म्हनत राह्यली.

पुढं एका चिखलात ह्याइचं पायतन रुतलं. मोरकी सोडून, लगाम सांभाळ म्हनून हे मागं गेले. तेवढ्यात समोरून भासरे आले, ह्याइचे मोठे भाऊ, मेहकरच्या बाजारातून गावच्या एका मानसासंग येऊन राह्यले होते. भासऱ्यापुढं आमच्याकडं सून तोंड दाखवत नाही, बोलत तं नाहीच. मी घोडीवर दोनीकडं पाय टाकून बसलेली, पदर खांद्यावर आलेला. तीन गोष्टी होत्या अन् हात दोन. लगाम सोडला नाही. लेकरावरचा हात काढला अन् पदर ओढला.

घोडी तोवर उधळलीबी नव्हती. ती काही करायच्या आधी मी लेकरू सोडलं होतं, हे ध्यानात घ्या.

वारा होता. पदर माह्या डोक्यावर न येता फडकन् घोडीच्या डोळ्यावर गेला. ती बाजूले उडी मारून जी पळाली, मी लगाम ओढला तं तिनं मान वर फेकली, अजून ओढला तं अजून बिथरली, एका पायाची रिकीब सुटली, मी एका अंगाले घसरून राह्यली, खाली दगड दिसून राह्यले, अन् एवढ्यात माहा दुसरा हात कुठं होता? पदरात. गच्च मुठीत धरला होता मी पदर. देवाचं नाव आलं नाही. लेकराचं नाव आलं नाही.

मंग त्याचं डोकं माह्या छातीवर आपटलं. गरम होतं. तवा कळलं, ते हाय, पडलं नाही. त्यापुढं मी काही केलं का मले करवलं, मले सांगता येत नाही. कोनी दिसलं नाही, आवाज आला नाही. दोनी मुठी उघडल्या एवढं ठावं हाय. पदर गेला, लगाम गेला. मी लेकरावरून वाकली, घोडीची आयाळ धरली, गुडघे दाबले अन् म्हनलं, ने तुले न्यायचं तिकडं. घोडीले म्हनलं का देवाले, मले आजबी उमजत नाही. तिनं एक नाली उडून पार केली तरी मी वरच होती. कोनी ओढत नाही हे पाहून ती ढिली झाली, पऱ्हाटीच्या वावरात, चिखलात शिरली अन् थरथरत उभी राह्यली.

भासरे धावत आले. माहं डोकं उघडं, केस सुटलेले. त्याइनं तोंड फिरवलं अन् मागं हात करून चाचपत मोरकी धरली. त्याइले मले सरळ इचारता येत नव्हतं, म्हनून घोडीले इचारलं.

"चंद्रे, लेकरू ठीक हाय का?"

लेकरूच रडलं, रडनं सोडल्यापासून पहिल्यांदा. भासऱ्याइचे खांदे हालले. हे पळत आले तं भासरे त्याइले म्हनले, "तुह्या बायकोनं लेकरू सोडलं नाही बे. दुरून पाह्यलं म्या."

मी पदर डोक्यावर घेतला.

मेहकरात बालाजीपुढं हात जोडाले गेली. ज्या हातात लगाम होता त्याच्यावर लाल वळ उठले होते. ज्या हातानं लेकरू धराचं होतं, तो कोरा होता. तसेच दोनी जोडले. दवाखान्यात औषीद भेटलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

घरी आल्यावर आत्याबाईनं दारोदार सांगतलं, माही सून अशी अन् तशी. मी खाली पाहे, बायाइले वाटे गुनाची हाय. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी एका दुपारी ती मूग निवडत होती तं म्हनलं, "आत्याबाई, मी पदर धरला होता. भासरे दिसले म्हनून लेकरावरचा हात काढला. ते मनियारनीच्या चादरीनं राह्यलं, माह्यानं नाही. तिचं पानीबी घेतलं नाही मी."

तिनं सूप ठेवलं नाही. खडे काढत राह्यली. मंग म्हने, "म्याबी तोच धरला असता." अन् एक खडा फेकून, "पदर नीट घे, ते मी तुले सांगाले नव्हतं पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून तिनं ती गोष्ट सांगनं बंद केलं. गाव अजून सांगते. त्या मनियारनीचं मी नावबी इचारलं नव्हतं, विहिरीशी दोनदा जाऊन आली, कोनाले ठावं नाही.

लेकरू आता चालाले लागलं. उंबऱ्याशी अडखळते, माहा हात पुढं जाते अन् दर वेळी उशिरा पोचते. ह्या हाताइवर माहा भरोसा राह्यला नाही. पन आता मी बालाजीले न्यायचं का द्यायचं काही इचारत नाही. मी सोडलेलं ज्यानं धरलं, त्याच्यापुढं डोकं टेकते अन् उठून कामाले लागते.