पाणी किती?

"लेप्टोस्पायरोसिस आहे," मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. आण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे तेव्हा तांबडेलाल झाले होते. उंदरांच्या लघवीतले जंतू पुराच्या चिखलात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात, तोच हा आजार.

सांगलीतलं पाणी ओसरल्यावर आण्णा गल्लीकऱ्यांबरोबर सरकारी दवाखान्यातला चिखल उपसत होते. अनवाणी. गमबूट कुणी दिले नाहीत. या आजाराला अडवणाऱ्या गोळ्यांचा त्याच दवाखान्याच्या तळमजल्यावर भिजून लगदा झाला होता. याला मी नशीब म्हणणार नाही.

आधी थंडी भरली, मग पोटऱ्यांत कळा. चिखल ओढून अंग दुखतंय, असं आम्ही धरून चाललो. तुम्ही असं करू नका. पुरानंतर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: मी चिखलात उतरलो होतो.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती साफ करतात ते दाखवणारा रक्तातला आकडा, बिघडत गेला. लघवी जवळजवळ थांबली. डायलिसिस सुरू झालं, म्हणजे यंत्रानं रक्त गाळणं. आण्णा वाचतील का, हे कुणी सांगेना.

फेरीला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आण्णा, पाणी किती?"

पुरात सांगलीकर रामराम सोडून हेच विचारतात. आण्णा तापातच म्हणाले, "उतारलं की सायेब. गल्ली मोकळी झाली."

"नदीचं नव्हे हो, तुमचं!"

शेजारच्या खाटेवरचे आटपाडीचे मामा खदखदून हसले. "आवं सायेब, सांगलीवाल्याला पाणी कशाला इचारताय? आमच्याकडं टिपूस न्हाई, यांच्याकडं लय!"

मग सगळ्या वॉर्डाचे डोळे आण्णांच्या लघवीच्या पिशवीवर. तळाशी गढूळ घोटभर, बस्स. आणि एका सकाळी आण्णांनी हाक मारली, "पोरी, सायबाला बोलीव. पूर आला!"

सिस्टरनी भरलेली पिशवी उचलून दाखवली. मामांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "आता यंत्र नको. मूत्रपिंडं कामाला लागली."

त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण उपकारांवर शहर चालत नाही. आण्णा घरी येताच गल्ली सांगलीच्या त्या सरकारी दवाखान्याच्या दारात बसली. मागणी एकच: औषधं वरच्या मजल्यावर न्या. तिथले मोठे साहेब आधी हसले, मग चिडले, शेवटी वरच्या खोलीची किल्ली दिली.

पहिलं खोकं आण्णांनी उचललं. जिन्यात दम लागला. मी हात पुढं केला.

"सोड गं," ते म्हणाले, "माजं मी नेतो." आणि नेलं.