धारच्या वाटेवरचं प्रस्थान

बी.ए.ची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी आणि माझा मित्र लांबच्या पायी सफरीला निघायचं ठरवत होतो. ठरवत होतो असंच म्हटलं पाहिजे, कारण ठरत काहीच नव्हतं. महूच्या बाजारात लष्कराच्या जुन्या पाठपिशव्या स्वस्तात मिळत, त्या आम्ही आधीच घेऊन ठेवल्या होत्या. त्या पाठीला लावून राजवाड्याभोवती एक चक्करही मारून आलो होतो आणि लोक आम्हाला हसले होते. पण जायचं कुठे, हा प्रश्न रोज सुटे आणि रोज नव्याने पडे.

माझं मन नर्मदेकडे होतं. महूवरून जाम घाट उतरून महेश्वर आणि तिथून काठाकाठाने ओंकारेश्वर. पण नदीकाठच्या गावांत पटकीच्या साथीची आवई होती, म्हणून धार आणि मांडूचा दुसरा बेत. शिवाय मित्राच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीकडचे अचानक आले तर झटकन परतता यावं म्हणून उज्जैनचा तिसरा. त्या काळी मध्यभारताचं सरकारसुद्धा उन्हाळ्यात दफ्तरं बांधून ग्वाल्हेरहून आमच्या इंदुरात यायचं. सरकारचाच एका जागी पाय टिकत नाही, तिथे आपली काय कथा, असं मित्र म्हणे.

मला वाढवलं ते आत्याने. राजवाड्यामागे दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो. आतोबा संस्थानच्या फौजेत होते. एकदा ते काही किरकोळ कामासाठी घाईने निघाले, प्रस्थान ठेवायला वेळ नाही म्हणाले, आणि कुठल्याशा धर्मशाळेत पटकीने गेले. तेव्हापासून प्रस्थानाशिवाय आमच्या घरातून कुणी गावाबाहेर पडलेलं नाही. मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी असलं, की जायच्या दिशेच्या एखाद्या घरी मुहूर्तावर आपली एक पुरचुंडी नेऊन ठेवायची. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. ती तिथे पोचली की माणूस निघाला असं धरतात. मग निघताना ती उचलायची आणि पुढे जायचं.

आत्याची पंचाईत ही की आमची दिशाच ठरत नव्हती आणि मुहूर्त तर निघून चालला होता. तिने तिच्या परीने तोड काढली. माझा निळ्या रेघांचा एक विटका सदरा होता, तो फाडून तिने तीन तुकडे केले, तीन पुरचुंड्या बांधल्या आणि माझ्याच हाताने तीन घरी ठेवायला लावल्या. एक महू नाक्याजवळ, एक पोलोग्राउंडच्या बाजूला उज्जैनच्या वाटेवर आणि एक धारच्या वाटेवर, आतोबांच्या फौजेतल्या एका जुन्या सोबत्याच्या घरी. एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणून मित्र पोट धरून हसला. मीही हसलो. मला तेव्हा या सगळ्याचा वैतागच होता.

मुहूर्त काढून देणारे गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी आत्याला विचारलं, "बाई, एक याच्याबरोबर जाईल. उरलेल्या दोघांना कोण परत आणणार?"

पुरचुंडी न म्हणता ते 'दोघांना' म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आत्या म्हणाली, हाच आणेल, ज्याचं प्रस्थान त्यानेच उचलायचं हे मला ठाऊक आहे.

शेवटी पटकीची आवई खोटी निघाली आणि नर्मदा ठरली. निघायच्या आदल्या दिवशी आत्याने मला उरलेल्या दोन पुरचुंड्या आणायला पिटाळलं. पोलोग्राउंडकडची सकाळी आणली. धारच्या वाटेवर पोचेपर्यंत टळटळीत दुपार झाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्या घरच्या आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मला लहानपणापासून ओळखत. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अरे बेटा, काही भूललास का? तू तर सकाळीच येऊन गेलास ना," त्या म्हणाल्या. "पाणी पिलास, गठरी उचलली आणि चुपचाप चालला गेलास. मी म्हटलं, धूप चढायच्या आधी निघाला, ठीक केलं."

मी म्हटलं, आजी, मी आत्ता येतोय. त्यांनी माझ्या अंगातले कपडे न्याहाळले. मग हळूच म्हणाल्या की हो, सकाळी अंगात तो निळ्या रेघांचा सदरा होता.

कोनाड्यात पुरचुंडी नव्हती. तांब्यावर पेला उपडा घातलेला होता आणि पेल्याच्या कडेला अजून ओल होती. भर उन्हात माझ्या पाठीवर काटा आला, हे मी लपवत नाही.

परत येऊन मित्राला सांगितलं, तर त्याने तिथल्या तिथे निकाल लावला. "यार, आजींची नजर गेली आहे. कोणी राहगीर आला असेल, गठरी घेऊन चालता झाला. आणि सदऱ्याचं म्हणशील, तर गठरीच त्या कपड्याची होती, तेच त्यांच्या डोक्यात बसलं." मला ते पटलं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

आत्याला मी घडलं तसं सांगितलं. तिने रडारड केली नाही की मला अडवलं नाही. नुसतं म्हणाली, "आता तू गेलास काय आणि राहिलास काय, एक तर निघून गेला."

आम्ही गेलो. नर्मदा मनसोक्त पाहिली, वाळूत पाय पोळले, पटकी काही भेटली नाही. एक गोष्ट मात्र मला सुखाने चालू देईना. पाठीवरचं ओझं जडच लागत नव्हतं. मित्र दर झाडाखाली धापा टाकत बसे आणि मी मात्र कुणी निम्मा भार उचलला असावा तसा चालत होतो. दोघांच्या पिशव्या सारख्याच भरलेल्या होत्या. एकदा आम्ही त्या अदलाबदल करून पाहिल्या. त्याचीही मला हलकीच लागली. मित्राने घाईने आपली पिशवी परत घेतली.

बडवाहहून रेल्वेने घरी आलो. आत्याने दारातच थांबवलं, पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, कुठून आलास? मी ओंकारेश्वरहून म्हणालो. ती मान हलवून "एक आला" असं पुटपुटली आणि आत गेली. जेवायला तिने माझ्याशेजारी आणखी एक ताट मांडलं. मी चिडलो, बोलू नये ते बोललो. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट मांडायची. शेवटी मीच ओरडणं सोडलं.

त्या हिवाळ्यात मित्राचं लग्न झालं. मुलीकडच्यांत धारचे एक गृहस्थ होते, माझ्या तोंडओळखीचे. पंगतीत ते मला लटक्या रागाने म्हणाले, "मांडूला मे महिन्यात तुला इतक्या हाका मारल्या, पलटून तरी बघायचं होतं." मित्र पलीकडेच होता. त्याचा घास हातातच राहिला.

मी घरी येऊन आत्याला हे सांगितलं ते खरं तर तिला घाबरवायला, म्हणजे हा खुळेपणा सुटेल. तिचा चेहरा उजळला. "चालतोय ना? मग येईल," ती म्हणाली. त्या रात्री ती खूप दिवसांनी नीट जेवली.

मग वर्षं गेली. मला कचेरीत नोकरी लागली. मी कुठूनही घरी आलो की ती दारात विचारायची, कुठून आलास? आणि मी खरं उत्तर दिलं की तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे जायची. आतोबांची वाट तिला बघायची नव्हती, ते गेल्याचं तिला कळलेलं होतं. पण माझा एक भाग अजून उन्हात चालतो आहे आणि तो घरी आणल्याशिवाय आपल्याला मरता येत नाही, असं तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. मला तिची फार दया येई, आणि तिच्यावर रागही.

मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायच्या बेतात होतं, त्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. तिला उठून बसवायलाही शेजारणीला बोलवावं लागे. एका दुपारी मी कचेरीतून लवकर आलो. उंबऱ्याजवळ पाणी सांडलेलं होतं. शेजारणीने सांडलं असेल, म्हणून मी ओलांडून आत आलो. आत्या पुढच्या खोलीत पडून होती. तिने विचारलं, कुठून आलास?

मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी मनाचा हिय्या करून म्हणालो, "धारहून आलो, आत्या."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. लहानपणी माझी चोरी पकडल्यावर हसायची तशी.

"खोटं कशाला बोलतोस? तो मघाशीच आला," ती म्हणाली. "आत निजलाय. हाक मारू नकोस, फार थकलाय."

तिच्या चेहऱ्यावर घरातली सगळी माणसं परतल्यावर येतं ते समाधान होतं. मला कळतंय तेव्हापासून मी ते तिथे पाहिलं नव्हतं. मी आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारली नाही. परत येऊन तिचा हात हातात घेऊन बसलो, आणि ती गेल्यावरही बराच वेळ आवाज न करता रडलो.