रुपाची सात विद्यापीठं

साखऱ्याच्या बसथांब्यासमोर, पिठाच्या गिरणीला लागून रुपाचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, सुदामचं. पण सुदाम खुर्चीवर दिसला की आलेलं माणूस बाहेरूनच विचारतं, "ताई न्हाईत का?" आणि ताई येईपर्यंत बाकड्यावर बसून राहतं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळं रुपाच भरते. दुकानात लॅमिनेशनचं मशीन आलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा त्यातून काढलं ते स्वतःचं दहावीचं गुणपत्रक. विज्ञानात शंभरपैकी त्र्याण्णव. वीस वर्षं ते ट्रंकेत घडी घालून पडलं होतं, त्यामुळे त्र्याण्णवच्या मधोमध एक पांढरी रेघ गेलेली आहे.

तो निकाल लागला त्याच महिन्यात रुपाचा गूळ झाला. त्यांच्या बंजारा तांड्यात सोयरीक ठरली की गूळ खातात. आधी मुलीच्या आईनं खायचा, मग मुलीनं. दोघींच्या तोंडात गूळ गेला की बोल पक्का. मोडायचा असेल तर पंचांपुढं उभं राहायचं, आणि तसं उभं राहिलेलं पोरीकडचं माणूस रुपानं आजवर पाहिलेलं नव्हतं. तेव्हा तिनं मुकाट्यानं खाल्ला. गूळ चांगला होता, एवढंच तिला आठवतं.

दुकानातला कॉम्प्युटर सुदामनं हिंगोलीहून जुना आणला होता. आधीच्या मालकाचा एक खेळ त्यात तसाच राहून गेला होता. दुपारी बारा-एकच्या सुमारास सरकारी साईट बंद पडायची. बाकड्यावरची माणसं म्हणायची, "सर्व्हर आलं का ताई?" ताई म्हणायची, "न्हाई आलं, बसा." मग बसल्या बसल्या तिनं एकदा तो खेळ उघडला.

खेळ असा, की तुम्हाला एक उजाड मुलूख मिळतो. नदीकाठी एक गाव वसवायचं. आपली एक चाल झाली की बाकीच्या राजांची चाल. कुणाला कशाची घाई नाही. तुम्ही बटण दाबल्याशिवाय वर्ष पुढं सरकत नाही. हेच रुपाला फार आवडलं. बाकी तिच्या आयुष्यात सगळं कुणी ना कुणी दाबलेल्या बटणावर चाललं होतं.

जिंकायचे रस्ते पुष्कळ होते. लढाई करा, धर्म पसरवा, व्यापार करा. रुपानं पहिल्या दिवशीच विज्ञान धरलं. सगळ्यांच्या आधी सगळे शोध लावायचे आणि शेवटी यान आकाशात सोडायचं. सहा महिन्यांत तिला त्यातल्या खुब्या कळल्या. गाव वसलं की दुसरं काही बांधायच्या आधी ग्रंथालय बांधायचं. माणसं जितकी जास्त तितके शोध लवकर, म्हणून आधी गावं वाढवायची. विद्यापीठ उभं राहिलं की शेतातली माणसं उचलून त्यात बसवायची. धान्य कमी पडतं, पण अकरा चालींचा शोध सात चालींत लागतो. शेजारच्या राजाशी मिळून संशोधनाचा करार करायचा. एखादा मोठा शास्त्रज्ञ जन्माला आला तर त्याला लगेच खर्ची घालायचं नाही, शेवटच्या दौडीसाठी राखून ठेवायचं.

एवढं सगळं जमवायचं तर कुठंतरी हात आखडावा लागतो. रुपा सैन्यावर आखडायची.

"याडी, तुझ्या एवढ्या मोठ्या राज्यात चार भालेवाले हायेत," पुनम एकदा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. पुनम तिची एकुलती एक लेक, बारावी सायन्सला; आईला तांड्याच्या बोलीत याडीच म्हणायची. "भिंत तरी बांध."

"भिंतीनं शोध लागतात काय?"

"शोध लावायचं काम न्हाई भिंतीचं, शोध लागू न देणाऱ्यांसाठी असती भिंत."

"त्या शेजाऱ्याशी करार हाय माझा. रोज हसून बोलून राहिला."

"हसतोय म्हणूनच म्हणलं," पुनम म्हणाली आणि डबा घेऊन बस पकडायला पळाली.

पुनमचंही रुपानं तसंच चालवलं होतं, फक्त स्वतः रुपाला ते तसं कधी दिसलं नाही. पोरगी अकरावीला गेली तशी रुपानं तिला एकेका कामातून उचललं. आधी पाण्यातून, मग कापूस वेचणीतून, मग भाकरीतून. ती कामं नाहीशी झाली नाहीत, रुपाच्या अंगावर आली. पहाटे रान, दिवसा दुकान, संध्याकाळी चूल. दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं पुनमला टेबल मांडून दिलं आणि दोघी मायलेकी तिथंच राहायला लागल्या. तांडा ओढ्यापलीकडं, अर्ध्या कोसावर. पण जायला-यायला तासभर मोडतो, आणि तासभरात रसायनशास्त्राचा अर्धा धडा होतो. बारावीनंतर नांदेडला बी.एस्सी. करायची, तिथल्या वसतिगृहाचा अर्जही रुपानं भरून संगणकात ठेवलेला होता. निकालाचे आकडे तेवढे टाकायचे बाकी होते.

मग लग्नं चुकायला लागली. बारशी चुकली. श्रावणात तीज आली. तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस त्यांना पाणी घालतात, तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नायकाच्या दारात गाणी म्हणतात. पुनमची टोपली रिकामी राहिली. रुपाची सासू जिवनबाई स्वतः ओढा ओलांडून दुकानात आली.

"नऊ दिस तर हायेत."

"तिची चाचणी हाय दादी," रुपा लेकीच्या तोंडची हाक मारत म्हणाली.

"नायकाच्या दारात समद्यांच्या पोरी. माझ्याच घरची न्हाई. लोकं काय म्हणतील?"

"म्हणतील, शिकून राहिली."

जिवनबाई उंबऱ्याकडं वळली. मग म्हणाली, "तू काही वाईट न्हाईस रुपा. तू नुसती घाईची हायेस." आणि निघून गेली. त्यानंतर ती भांडायला कधी आली नाही. रुपाला वाटलं, म्हातारीला पटलं.

दिवाळीनंतर तर सासर एकदम गोड झालं. धाकटा दीर गोपीचंद, जो एरवी दुकानावरून मान फिरवून जायचा, तो कधी हरभऱ्याची भाजी घेऊन येऊ लागला, कधी ताकाची बरणी. "वहिनी, तुमी लई कष्ट करून राहिल्या," म्हणायचा. रुपाला बरं वाटायचं. गोड बोलणं मिळेनासं झालं की माणूस त्याची चव ओळखायचं विसरतं.

एकदा गोपीचंद म्हणाला, "पुनमच्या आधार कार्डाची झेरॉक्स द्या. रेशनकार्डाला जोडायची हाय." रुपानं दिली. महिन्यानं म्हणाला, "तिचे चार फोटो काढा, साईटवर टाकायचेत." रुपानं पुनमला निळ्या पडद्यापुढं उभं केलं, केस नीट केले, आठ फोटो काढले आणि कात्रीनं कडा सरळ कापून पाकिटात घालून दिले. मग शाळा सोडल्याचा दाखला हवा झाला. "जन्मतारीख बराबर हाय ना वहिनी? चैत्रात अठरा पुरी व्हतात ना तिला?" गोपीचंदनं दोनदा विचारलं. रुपाची नजर पडद्यावर होती. सहावं विद्यापीठ चालू होतं. ती म्हणाली, "व्हय, चैत्रात."

संक्रांतीच्या सुमाराला पुसदकडची एक बाई दुकानात आली. मिराबाई नाव. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगावर नवी शाल. तिला म्हणे कसलासा अर्ज भरायचा होता, पण कागद एकही आणला नव्हता. बसली मात्र तासभर. पुनम बसमधून उतरून आली तर तिच्याकडं पाणी मागितलं. पुनमनं आणून दिलं. बाईनं तांब्या घेताना पोरीचे हात पाहिले, चालताना पाय पाहिले, "चष्मा कवापासून?" असं विचारलं. जाताना रुपाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. ताप न्हाई कशाचा."

"कोण होती गं?" पुनमनं विचारलं.

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक अर्ज न भरता गेलं?"

"सर्व्हर नव्हतं," रुपा म्हणाली.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या. त्या दिवशी पुनमचं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं, सेनगावला. सकाळी भूक नाही म्हणून काही न खाता गेली. साडेअकराला साईट बंद पडली. बाहेर बाकड्यावर एकेक माणूस येऊन बसत होतं. रुपानं डोकं वर न करताच सांगितलं, "सर्व्हर न्हाई, बसावं लागंल."

"बसतो की," कुणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा होता, पण रुपानं पाहिलं नाही. सातव्या विद्यापीठाला एक चाल उरली होती. ते झालं की राखून ठेवलेला शास्त्रज्ञ सोडायचा, आणि मग पुढचे चार शोध एका दमात. शेजारच्या राजाचे घोडेस्वार तिच्या सीमेवर जमलेले दिसत होते, दोन ओळी, तीन ओळी. त्याच्याशी करार होता. सराव करत असेल.

गोपीचंद आत आला. रुपाच्या टेबलापुढच्या उचलत्या फळीच्या पलीकडं उभा राहून त्यानं कागदाची पुडी उघडली.

"घ्या वहिनी. तोंड गोड करा."

कालच त्याची म्हैस व्याली होती, हे सुदामनं सांगितलेलं होतं. रुपाचा एक हात माऊसवर होता. दुसऱ्या हातानं तिनं खडा उचलला आणि तोंडात टाकला. बटण दाबलं.

"रेडा झाला की पारडी?" तिनं विचारलं.

गोपीचंदनं पुडीची घडी घातली, मागं वळला आणि बाहेर सांगितलं, "वहिनीनं खाल्ला."

रुपानं मान वर केली. बाकड्यावर अर्जवालं कुणी नव्हतंच. मधोमध नायक रतनसिंग बसला होता, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा. त्याच्या दोन्ही बाजूंना तांड्यातली जाणती माणसं. पलीकडं पुसदचे तिघे पाहुणे, त्यांच्यात मिराबाई. उंबऱ्याशी जिवनबाई. आणि बाकड्याच्या अगदी टोकाला, पायातली चप्पल काढून ती हातात धरून, सुदाम.

"नायक, हे काय हाय?" रुपाच्या तोंडात गूळ होता, त्यामुळं शब्द जड आले.

"गूळ हाय, रुपा," रतनसिंग शांतपणे म्हणाला. त्याचा आवाज कुणाला रागावल्यासारखा कधीच नसतो. "तू तांड्यात येईनास. म्हणलं, आपुनच दारात जाऊ. तुझा टाइम मोडायला नको."

रुपा मागच्या मोरीत धावली. थुंकली. चूळ भरली. तोवर गूळ विरघळून गेला होता. मोरीत नुसतं पिवळसर पाणी गेलं. ती परत आली तेव्हा माणसं तशीच बसलेली होती, कुणालाच घाई नव्हती.

"तुमाला ठावं होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

सुदामनं चप्पल उलटी करून तिचा तळ पाहिला. "सांगणारच होतो. चारदा आलो सांगायला. तू कामात होतीस."

"मला म्हैस वाटली. मला कुणी सांगितलंच न्हाई कशाचा गूळ ते."

"विचारलंस काय?" जिवनबाई म्हणाली. "पोराचं पुण्याला काम हाय. सोताची खोली हाय. पोरीला शिकू न्हाई देणार असं कुणी म्हणलं?"

"देणार, असं कुणी म्हणलं?"

त्यावर मिराबाईनं शाल सारखी केली.

तेवढ्यात बारा-चाळीसची बस आली. धूळ बसली तशी पुनम दिसली; काखेत प्रात्यक्षिकाची वही, एका हातात ॲप्रनची घडी. रस्ता ओलांडून ती येत होती, आणि तिला पाहून बाकड्यावरची माणसं सरकली. त्या माणसांनी आजवर कुठल्या पोरीला बाकड्यावर जागा करून दिलेली रुपानं पाहिली नव्हती.

रुपा फळी उचलून बाहेर यायला निघाली. फळीवर गोपीचंद कोपर टेकून उभा होता.

"बाजूला हो."

"आता कशाला घाई, वहिनी?" तो हसला. हरभऱ्याची भाजी आणायचा तेव्हाही असाच हसायचा.

रुपा खाली बसली. फळीखालून, वायरींच्या गुंत्यातून, झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे ढकलत ती गुडघ्यांवर रांगत निघाली. पदर कुठंतरी अडकला, तो तिनं ओढून फाडला. उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा जिवनबाईनं नातीचा चेहरा आपल्या हाताच्या बोटांनी कुरवाळला होता आणि दुसऱ्या हातानं तिच्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवला होता.

"सकाळपासून उपाशी हाय माझं लेकरू," म्हातारी म्हणत होती. "खा माय."

"पुनम," रुपा जमिनीवरूनच म्हणाली, "खाऊ नको. तो गूळ हाय."

पुनमचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. तिनं खड्याकडं पाहिलं. नायकाकडं, शालवाल्या बाईकडं, बापाच्या हातातल्या चपलेकडं पाहिलं. हुशार पोरगी, सगळी मांडणी ध्यानात यायला तिला एवढा वेळ पुरला. मग तिनं खाली, उंबऱ्यात हातापायांवर असलेल्या आईकडं पाहिलं. चूळ घाईत भरलेली होती. ओठाच्या कोपऱ्यात एक पिवळा कण चिकटून राहिला होता.

"पण तू तर खाल्लास, याडी," पुनम म्हणाली.

तिनं मूठ मिटली नव्हती, उघडलीही नव्हती. फेब्रुवारीचं ऊन बरंच चढलं होतं, आणि तिच्या तळव्यावर गूळ पाझरायला लागला होता. बाकड्यावरची माणसं वाट पाहत बसली. त्यांना सवय होती.