उशीखालची गठुळी

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि नोकरीने त्याला खतपाणी घातलं. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी मी कोल्हापुरात एका दवाखान्यात, ऑपरेशन झालेल्या बायकांच्या वॉर्डात नर्स होते. कुणीतरी पट्टी सोडणार, जखमेत पाला भरणार, याची मला रोज खात्री असायची. एकीच्या नातेवाइकांनी खरंच भरला होता. त्या जखमेतले किडे मी चिमट्याने काढले. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत मी हात घालून बघत असे.

राधानगरीकडची एक पस्तिशीची बाई आमच्याकडे होती. छातीतली गाठ तिने वर्षभर लपवली होती. शेवटी कॅन्सर निघाला आणि डावा स्तन पुरता काढावा लागला. जखम छान भरली, पण बाई डावा हात काही उचलेना. हात आखडू नये म्हणून रोज भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची असतात. बोटं पोचतील तिथे मी पेन्सिलीने खूण करायचे. तिची खूण खांद्याशीच अडकली होती. हात वर केला की पदर सरकायचा, आणि तेच तिला नको होतं. मी तिला चांगली झापली. ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

"रविवारी थोरलीला बघाय पावणं येनार हाईत," ती एकदा म्हणाली. "आई धड दिसली न्हाय तर इचारतील की. असला रोग हाय म्हनलं तर पोरगी कोन करून घील?"

"पदर नीट घे म्हणजे झालं," मी म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. आज ते आठवलं की माझाच मला राग येतो.

तिची सासू शाहूपुरीत भाचीकडे उतरली होती आणि रोज यायची. माझा सगळा संशय या म्हातारीवर. दोघी कुजबुजायच्या आणि मी जवळ गेले की गप्प व्हायच्या. एकदा पडद्याआड म्हातारीचा एक हात सुनेच्या चोळीत दिसला. दुसऱ्या हातात काहीतरी होतं, ते तिने झटकन ओच्यात टाकलं. मुलाला दुसरी बायको करायची म्हणून ही सुनेवर काहीतरी करतेय, असं मी मनाशी पक्कं धरलं.

शनिवारी तिला घरी सोडायचं होतं. शुक्रवारी चादर बदलताना उशीखाली एक गठुळी सापडली. मांजरपाटाची, गोल, हाताला जड. आत बारीक दाणे सरकत होते आणि दोन बाजूंना काळे दोरे होते. ते दोरे बघितले आणि माझं डोकं फिरलं. करणीच ही! बाई न्हाणीत होती. मी कुणाला विचारलं नाही, गठुळी सरळ पाणी तापवायच्या बंबात टाकली. दाणे तडतडले तेव्हा मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

शनिवारी सकाळी म्हातारी खाटेखाली वाकून शोधत होती.

"बाई, हितं राळ्याची गठुळी व्हती. कुनी न्हेली?"

"मी जाळली. असले प्रकार इथे चालणार नाहीत."

"कसलं परकार?" म्हातारी सरळ उभी राहिली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं, तिचं ऱ्हायल्यालं येका हातात आन् राळं दुसऱ्या हातात, आसं तीन दिस तोललंय मी. चिमूट घाल, चिमूट काढ. चोळी दोनी बाजूनी सारकी बसाय नगो?"

"आणि ते काळे दोरे?"

"करदोट्याचं हाईत. घामानं तुटत न्हाईत."

तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली राळ्याच्या बारीक धान्याची उशी ठेवतात. मऊ असते, अंगासरशी बसते. तशीच एक म्हातारीने सुनेच्या छातीसाठी शिवली होती. सून खाटेवर बसली आणि म्हणाली, "मी जात न्हाय." दुपारी दोनची एसटी होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेट्रनला न विचारता मी बाहेर पडले आणि शाहूपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदाराने किती राळे देऊ म्हणून विचारलं, तर मला सांगता येईना. शेरभर घेतले, वर मांजरपाटाचा तुकडा आणि काळा करदोटा.

परत येऊन मी सुई ओवायला घेतली, तर म्हातारीने ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुमी नगा." मग तिने मूठभर राळे नाकाशी नेले, पदरावर पसरून निवडले. मी आणलेल्या धान्यात काय आहे, याचा तिला भरवसा नव्हता.

पडद्याआड पुन्हा तोलणं झालं, शिवणं झालं. दोरा मानेमागे बांधायचा होता, म्हणून सुनेने हात वर केले. दोन्ही. डावा हात कानापर्यंत गेला. चोळी नीट बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने पदर सैल सोडला.

दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. "पोरीचं जमलं की कळवा," मी म्हटलं.

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कशाला? तुमी कुनालातरी बोलशीला."

सून दाराबाहेर पडली. म्हातारी तिच्या डाव्या अंगाने, कुणाचा धक्का लागू नये अशी चालत निघाली.

मुलीचं जमलं की नाही, मला कधीच कळलं नाही. त्या बाईचं नाव आणि गाव मला अजून पाठ आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.