होता तसाच राहणारा नवरा मुलगा

देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते आणि हैदराबादेतल्या मुलींच्या वडिलांना स्वप्नात कंप्युटरवाले जावई दिसू लागले होते. मी तारनाक्याला विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, संशोधन करत होतो. अर्थव्यवस्था खुली झाल्याचं विकरांना अजून कोणी कळवलं नव्हतं. अशा अवस्थेत आईला घेऊन बरकतपुऱ्याला मुलगी पाहायला गेलो.

"करता काय नेमकं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

पोह्यांची बशी खाली ठेवून मी शिकवायलाच लागलो. "विकर हा उत्प्रेरक असतो. तो असला की क्रिया झपाट्यानं होते, पण तो स्वतः होता तसाच राहतो."

"म्हणजे राबायचं इतरांनी आणि हा ढिम्म! आमच्या कचेरीत भरपूर आहेत असे."

"हौ, पण स्वभावानं गरीब आहे हो," आईनं सावरलं. ती विकराबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, हे मला आजही कळलेलं नाही.

मला मुलगी फार आवडली होती आणि स्थळ तर हातचं चाललं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आणि तापवलं तर?"

"कायमचा निकामी होतो," मी शास्त्राला स्मरून सांगितलं.

ती हसली. "बाबा, यांना नक्को म्हणू नका. इतकं खरं कोण सांगतं आधी?"

लग्न झालं. मला बदलायचा प्रयत्न तिनं खरोखरच केला नाही. तापवते मात्र रोज. सासऱ्यांचं म्हणणं, निकामी व्हायला मुळात कामाचं काही असावं लागतं.