बुळबुळीत दगडांची मानकरीण

घोडनदीकाठच्या त्या गावात ठकूबाईच्या तोंडाला लागायची हिंमत एकटी तिची धाकटी जाऊ झुंबरबाई करायची, आणि दोघींच्या भांडणाचं मूळ एकच होतं, यमाईची आंघोळ. घट बसायच्या सकाळी देवीचा पितळी मुखवटा नदीवर पुलाखाली न्यायचा आणि घोटाभर पाण्यात उभं राहून त्याला न्हाऊ घालायचं, हा मान थोरल्या घराचा. ठकूबाईचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जमीन पुतणे कसणार. ती एक सकाळ सोडली तर वर्षभर तिला कुत्रं विचारत नव्हतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी नेमका शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सटकला. ती आपटली आणि यमाई गटांगळ्या खात खाली वाहत गेली. बायकांनी धावून मुखवटा पकडला. झुंबरबाईनं तिथंच पदर खोचला. "आक्का, देवीच सांगती, आता तुमी बसा घरी." यंदा ठकूबाई उभी राहू शकली नाही तर मान धाकट्या घराला, असं गावानं ठरवून टाकलं.

म्हणून ठकूबाई श्रावणापासूनच हळूच पुलाखाली जाऊन पायानं दगड चाचपून यायची. नवलच होतं. शेवाळाचा पत्ता नव्हता, पाय अंगणात टेकावा तसा टेकत होता. पायाला टोचणारे बारके मासेसुद्धा गायब. तिनं गावभर डंका पिटला. "माझ्यासाठी यमाईनं सवताच्या हातानं दगड घासलं. झुंबरीनं जल्मात भांडी तरी अशी घासली का?" झुंबरबाई तोंड चुकवून हिंडायला लागली आणि ठकूबाईला दोन घास जास्त जायला लागले.

पण माशी शिंकलीच. झुंबरबाईची नात आरती पुण्यात सूक्ष्मजीवांचं शिकत होती. ती पुलाच्या वरच्या अंगाचा एक दगड, खालच्या अंगाचा एक आणि मायक्रोस्कोप घेऊन ठकूबाईच्या ओट्यावर येऊन बसली. झुंबरीनंच धाडलीय, असं ठकूबाईला वाटलं.

"मोठी आजी, यातून बघ जरा."

"मला मोतीबिंदू न्हाई," ठकूबाई म्हणाली आणि लगेच डोळा लावला, कारण चोंबडेपणा तिच्या अंगात मुरलेला.

वरच्या दगडाच्या थेंबात जत्रा भरली होती. हिरव्या होड्या काय, वळवळणारं काय, गरगरणारं काय. खालच्या थेंबात रिकामी टरफलं आणि शेवयांसारखे काळे तुकडे, बाकी सामसूम.

"ते काळं म्हणजे झिजलेले टायर," आरती म्हणाली. "भीमाशंकरच्या गाड्या श्रावणभर वळणावळणाला ब्रेक दाबतात. पाऊस आला की ते रबर पुलाच्या पाइपातून खाली नदीत. त्यातली रसायनं या जिवांना सोसत नाहीत. सगळा दोष टायरचाच, असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार, तपासणी चालू आहे. पण तो बुळबुळीत थर घाण नव्हे गं. तोच घाण खातो, आणि त्यावरच मासे जगतात."

"म्हंजे शंभूच्या भक्तांनी यमाईची नदी मारली," ठकूबाई म्हणाली. "देवादेवांत बी बोलणं दिसत न्हाई. तुझ्या आजीला सांगितलंस?"

"नाही. मान तुझा, म्हणून आधी तुला."

आरती गेल्यावर ठकूबाई दुपारभर ओट्यावर बसून यमाईला शिव्या घालत राहिली. गप्प बसली तर मान हातचा होता, पुलाखाली तिचा पाय सात जन्मात घसरला नसता. पण नवरा गेल्यापासून तिच्या पायाशी लगट करणारे जगात ते मासेच काय ते उरले होते, आणि ते गेले म्हणून आपण गावभर मिरवलो, याची तिला भयंकर लाज वाटली.

घट बसायच्या सकाळी वाजतगाजत सगळे पुलाखाली उतरायला लागले, तेव्हा ठकूबाई मुखवटा घेऊन वरच्या अंगाला वळली.

"तिकडं लई बुळबुळीत हाय," गुरव सावळेराम म्हणाला.

"तिकडं नदी जिती हाय. खालच्या मेलेल्या पाण्यानं तुझ्या बायकोला न्हाऊ घाल."

ती पाण्यात शिरली. दुसऱ्याच पावलाला टाच सटकली, तशी पडण्याआधी तिनं स्वतःच लुगडं सावरून भर नदीत फतकल मारली. मुखवटा मांडीवर सुखरूप होता. काठावर हसू फुटलं. झुंबरबाई जपून जपून जवळ आली.

"आक्का, उभं राहून घालायची असती आंघोळ. मान गेला."

"गेला," ठकूबाई म्हणाली. "घे. पर दरसाल हितंच, पुलाखाली न्हाई. कबूल कर, मग सोडते."

मुखवटा दोघींच्या हातांत अडकून राहिला. झुंबरबाईनं वाहत्या पाण्याकडं पाहिलं, मग जावेकडं, आणि मान हलवली. ठकूबाईनं मुखवटा सोडला. पितळेचं वजन हातात येताच झुंबरबाई एका अंगाला कलली.

"आक्का, माझा बी पाय सटकतोय."

"मंग मी काय हितं हवा खायला बसलेय?" ठकूबाई म्हणाली, आणि तिनं जावेचे दोन्ही घोटे गच्च धरले.